पितृप्रेम, क्षमा आणि राजनांदगावची वाट

भिलाईहून नागपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर दुर्ग मागे पडले की पुढे राजनांदगाव लागते. १९५९ साली भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली आणि या प्रदेशाचे नाव पोलादाशी जोडले गेले. परंतु मराठी वाङ्मयाच्या इतिहासात या मार्गाला त्याआधीपासूनच एक निराळे स्थान आहे. १८९३ साली नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगाव संस्थानाकडे निघाले असता गाडीतील एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांच्याशी धर्मविषयक संभाषण केले, नव्या कराराची प्रत त्यांच्या हाती दिली, आणि दोन वर्षांत आपण ख्रिस्ती व्हाल असे भाकीतही केले. टिळकांचे मन ज्या भागाने प्रथम वेधले तो मत्तयकृत शुभवर्तमानातील गिरिप्रवचनाचा होय. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

गिरिप्रवचनात दोन कल्पना एकमेकींत गुंतलेल्या आहेत. पहिली अशी की, ईश्वर हा पिता असून सज्जन आणि दुर्जन या दोघांवरही त्याचा सूर्य सारखाच उगवतो. दुसरी अशी की, त्या पित्याकडे क्षमा मागणाऱ्याने आपल्या अपराध्यालाही क्षमा केली पाहिजे. पहिली कल्पना दिलासा देते, तर दुसरी ऋण लादते. या दोहोंपैकी टिळकांच्या काव्यात कोणती फुलली, हा खरा प्रश्न आहे.

उत्तर स्पष्ट आहे. तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशी टिळकांची धारणा होती; आणि वारकरी ज्या जिव्हाळ्याने विठ्ठलाला माउली म्हणतो त्याच जिव्हाळ्याने त्यांनी ख्रिस्ताला आळविले. सेमिटिक परंपरेतील पिता मराठीत येताच माता झाला. फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली गोमंतकात ‘क्रिस्तपुराण’ प्रसिद्ध करून ओवीला ख्रिस्तकथा सांगावयास लावले होते; टिळकांनी भक्तिगीताला ख्रिस्ताशी बोलावयास लावले. समीक्षक या प्रक्रियेस ख्रिस्ती भावनेचे भारतीयीकरण म्हणतात, आणि ते यथार्थही आहे. तथापि माउलीच्या कुशीत विसावणाऱ्या या भावनेत क्षमेच्या दुसऱ्या अंगाला, म्हणजे माणसाने माणसाला करावयाच्या क्षमेला, तितकासा वाव मिळाला नाही. ते अंग पाहावयाचे तर काव्य बाजूस ठेवून टिळकांच्या संसाराकडे वळले पाहिजे.

लूककृत शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राचा दृष्टान्त सर्वांना परिचित आहे. पुत्र घर सोडून जातो, पिता वाट पाहतो, आणि परतलेल्या पुत्राला दुरून पाहताच धावत जाऊन मिठी मारतो. टिळकांच्या घरी या दृष्टान्ताची मांडणी उलटी झाली. ज्याला ईश्वरी पितृत्वाचा साक्षात्कार झाला, तोच घरापासून दुरावला. आणि ज्या लक्ष्मीबाई मागे राहिल्या, त्यांना हे तत्त्वज्ञान ठाऊकही नव्हते आणि मान्यही नव्हते. पतीच्या धर्मांतराने त्यांच्यावर कोसळलेला आकान्त १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांनी स्वतःच नोंदविला आहे. काही वर्षांच्या विरहानंतर त्या पतीकडे गेल्या, त्या ख्रिस्ती होऊन मात्र नव्हे. आरंभी सोवळे सांभाळूनच त्यांनी संसार पुन्हा मांडला. बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली.

हा क्रम माझ्या मते निर्णायक आहे. येथे क्षमा आधी आली आणि धर्म मागाहून आला. त्या काळच्या स्त्रीला दुसरी वाटच कोणती होती, असा आक्षेप यावर घेता येईल. परंतु वस्तुस्थिती उलट आहे. माहेरच्या-सासरच्या माणसांत राहणे हीच समाजमान्य वाट होती; बाटलेल्या पतीकडे जाणे म्हणजे जातगोताला मुकणे होते. ही किंमत जाणूनच लक्ष्मीबाई गेल्या.

‘स्मृतिचित्रे’ची थोरवी या क्षमेच्या जातीत आहे. टिळकांचे लहरीपण, विसराळूपण, संतापीपण यांतले काहीही त्या झाकत नाहीत. आणि आपल्या सोशिकपणाचे देव्हारेही माजवीत नाहीत. अपराध पुरता दिसत असूनही हसता येणे, हे त्यांच्या विनोदाचे मर्म आहे. दोष न पाहणारी क्षमा आंधळी असते, आणि दोषांची मोजदाद करणारी क्षमा व्यापारी असते. लक्ष्मीबाईंचे गद्य या दोन्ही टोकांपासून अलिप्त राहिले आहे.

१९१९ साली टिळक वारले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. ते महाकाव्य लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. औपचारिक शिक्षण न लाभलेल्या एका स्त्रीने पतीचे अपुरे राहिलेले शब्द पुढे नेले, ही घटना केवळ पातिव्रत्याची म्हणून गौरविण्यात आपण तिचा अर्थ संकुचित करतो. राजनांदगावच्या वाटेवर टिळकांच्या हाती आलेल्या त्या प्रवचनाचा पूर्वार्ध त्यांनी गायिला. उत्तरार्ध लक्ष्मीबाईंनी जगून दाखविला. मराठीतील ख्रिस्ती वाङ्मयाचा इतिहास लिहिताना हे दोन्ही अर्ध एकत्र वाचल्याखेरीज पित्याची क्षमा म्हणजे काय, हे उमगणार नाही.