मौनाचा अधिकार आणि कारखान्याची वही

मौन हे आपल्याकडे व्रत मानिले जाते. परंतु न्यायासनासमोरील मौन हा अधिकार कसा ठरला व तो नेमका कोणाचा, याचा इतिहास फारसा परिचित नाही. कारखान्यांच्या सांडपाण्याने नद्या व खाड्या दूषित होत असता हा प्रश्न केवळ वकिलांचा उरत नाही. म्हणून त्याचा थोडक्यात परामर्श घेण्याचे आम्ही योजिले आहे.

या अधिकाराचा उगम जुलमाच्या प्रतिकारात आहे. इंग्लंडातील 'स्टार चेंबर' हे न्यायालय आरोपीस शपथ घालून त्याच्याच तोंडून त्याचा दोष वदवून घेऊ पाही. १६३७ साली हॉलंडमधून आक्षेपार्ह पुस्तके आणविल्याच्या आरोपावरून पकडलेल्या जॉन लिलबर्न या तरुणाने ती शपथ घेण्याचे नाकारिले. १६३८ साली त्यास भर रस्त्यातून फटके मारीत नेण्यात आले. तरीही तो नमला नाही. १६४१ साली पार्लमेंटने ते न्यायालयच मोडून टाकिले. आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद २० मधील तिसरा खंड याच परंपरेतला होय.

पण जिला पाठ नाही आणि अंतःकरणही नाही, अशा कंपनीस हे अभय मिळावे काय? ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ कर्नेल येथे कॅल्टेक्स कंपनीचा तेलशुद्धीकरण कारखाना होता. समुद्रात सोडलेल्या सांडपाण्यात परवान्याने ठरविलेल्या मर्यादेपेक्षा अधिक तेल असल्याचा आरोप तिच्यावर आला. प्रदूषण-नियंत्रण अधिकाऱ्यांनी दस्तऐवज मागितले, तेव्हा स्वतःविरुद्ध पुरावा देण्यास आपण बांधलेले नाही, असे कंपनीने सांगितले. १९९३ साली तेथील उच्चतम न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी हा बचाव अमान्य केला. हे अभय मनुष्याच्या प्रतिष्ठेसाठी आहे. कंपनीचे अपराध तर बहुधा तिच्याच कागदपत्रांतून उघड होतात, असे बहुमताचे म्हणणे पडले. खटला भरणाऱ्याने तो स्वबळावर सिद्ध करावा, हा अल्पमताचा आक्षेपही उपेक्षणीय नव्हे.

आमच्या मते बहुमताचा निर्णयच ग्राह्य आहे. देवस्थानच्या खजिनदाराने खुशाल मौनव्रत घ्यावे; पण देवस्थानच्या जमाखर्चाच्या वहीस मौन धरिता येत नाही, हे आमच्या महाजनांस सांगावयास नको. समुद्राच्या पाण्यावर सर्वांचा हक्क असता त्यात काय सोडिले, याची नोंदही सर्वांसाठीच असते.

मात्र वही कंपनीची असली, तरी ती लिहिणारा कारकून व नळ सोडणारा कामगार माणसेच आहेत. त्यांचे मौन हिरावून घेण्यास हा निर्णय आधार होऊ शकत नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींनीही १९६१ साली हाच विवेक दाखविला: बोटांचे ठसे वा हस्ताक्षराचा नमुना देणे ही स्वतःविरुद्ध साक्ष नव्हे, परंतु आरोपीस ठाऊक असलेली दोषकारक गोष्ट त्याच्याकडून बळाने वदवून घेता येत नाही.

१९७४ च्या जलप्रदूषण कायद्याने सांडपाण्याच्या नमुन्याचे दोन भाग कारखानदाराच्या समक्ष करून, त्यांवर मोहर लावून, उभयतांच्या सह्या घेण्याची रीत घालून दिली. त्यातील एक भाग कारखानदाराच्या मागणीवरून वेगळ्या प्रयोगशाळेत तपासता येतो. अशी रीत काटेकोरपणे पाळिली गेली, तर कोणा कामगाराची जीभ ओढण्याची गरजच पडू नये. ती पाळिली जाते की नाही, हे आपापल्या नदीकाठच्या लोकांनी डोळ्यांत तेल घालून पाहावे.