कुत्र्याच्या रक्ताचं ‘नॉर्मल’ ठरवलं कुणी?

आजचा विषय आहे एक बाण. रक्ताच्या रिपोर्टमध्ये आकड्याशेजारी वर किंवा खाली दाखवणारा येतो ना, तोच. कुत्रा घरभर उड्या मारतोय, ताट चाटूनपुसून साफ करतोय आणि रिपोर्ट म्हणतो, प्लेटलेट कमी! आपल्या संभाजीनगरात अशा वेळी पहिला संशय गोचीड तापाचा. तो खराही असू शकतो. पण ‘कमी’ म्हणजे कुणापेक्षा कमी?

१९६९ मध्ये फिनलंडच्या ग्रेसबेक आणि सॅरिस यांनी ‘नॉर्मल’ऐवजी ‘संदर्भ मूल्य’ हा शब्द सुचवला. पद्धत सोपी आहे. निरोगी गट निवडा, मोजा, दोन्ही टोकांचे अडीच-अडीच टक्के सोडा. मधले ९५ टक्के म्हणजे रेंज. कोडमध्ये दोन ओळींचं काम. पण सगळा खेळ गटात कोण होतं यावर.

१९७१ मध्ये अमेरिकेत पोर्टर आणि कॅनडे यांनी संकरित कुत्री आणि ग्रेहाऊंड यांचं रक्त ताडून पाहिलं. पुढच्या काही दशकांत चित्र स्पष्ट झालं. रक्तात लाल पेशींचा वाटा साधारण कुत्र्यात ३७ ते ५५ टक्के धरतात. निरोगी ग्रेहाऊंडमध्ये तो बऱ्याचदा ५० ते ६५ असतो. प्लेटलेट कमी, थायरॉईडचा टी-फोर कमी, क्रिएटिनिन थोडं जास्त. आजार काहीच नाही! जपानी अकितांच्या लाल पेशी मुळातच लहान. कॅव्हेलियर जातीत प्लेटलेट मोठ्या आणि संख्येने कमी. मशीन काही मोठ्या प्लेटलेट मोजतच नाही.

यात धोका दोन्हीकडून आहे. ठणठणीत ग्रेहाऊंडला थायरॉईडच्या गोळ्या कायमच्या मागे लागू शकतात. आणि उलटं बघा, त्याच्या लाल पेशी ४० टक्क्यांवर आल्या तर बाण येतच नाही, पण त्याच्यासाठी ती घसरण असू शकते. दुसरी चूक जास्त भयंकर, कारण ती दिसत नाही.

आता आपल्याकडे या. लातूर जिल्ह्यातलं जानवळ ज्याच्यासाठी ओळखलं जातं तो कारवानी, आणि सीमेपलीकडे कर्नाटकात मुधोळ हाऊंड. तीही नजरेने सावज हेरून धावणारी, ग्रेहाऊंडसारख्याच बांध्याची कुत्री. २००५ मध्ये मुधोळ हाऊंड पोस्टाच्या तिकिटावरही आला. म्हणून ग्रेहाऊंडचे आकडे कारवानीला सरसकट चिकटवायचे का? नाही. तीच चूक परत होईल. पण रिपोर्टवर नुसतं ‘कुत्रा’ लिहिणंही पुरेसं नाही.

मग करायचं काय? कुत्रा ठणठणीत असतानाच एकदा रक्त तपासून घ्या आणि रिपोर्टचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. पुढे आजारी पडला तर तुलना त्याची त्याच्याशीच होईल. डॉक्टरांना जात आवर्जून सांगा. बाण आला तर घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. स्लाईडवर पेशी बघून खात्री करता येईल का, एवढं जरूर विचारा.

भेटू पुढच्या भागात!