शौचकूप, अल्पखर्ची

अल्पखर्ची शौचकूप : गटारयोजना नसलेल्या वस्तीत लहान घराच्या आवारात, थोड्या जागेत व थोड्या पाण्यात मैल्याची निर्धोक विल्हेवाट लावणारी रचना. अशा शौचकूपाचा खर्च दुहेरी असतो : एक बांधणीचा व दुसरा तो वेळोवेळी रिकामा करण्याचा. पहिला खर्च घरमालक करतो. दुसऱ्याचा भार कोणी वाहिला, हा या विषयाच्या भारतीय इतिहासातील मुख्य प्रश्न होय.

टोपलीचे संडास : नळाचे पाणी व भूमिगत गटारे नसलेल्या शहरांत टोपली किंवा डबा ठेवलेले संडास सर्रास आढळत. घराच्या मागील बोळातून सफाई कामगार मैला काढून नेत. मुंबईच्या १८८८ च्या महापालिका अधिनियमात या कामगारांना ‘हलालखोर’ व त्यांच्या सेवेसाठी घेतल्या जाणाऱ्या पट्टीला ‘हलालखोर कर’ म्हटले आहे. बांधणीच्या दृष्टीने हा प्रकार सर्वांत स्वस्त होता. परंतु ती स्वस्ताई विशिष्ट जातींवर जन्माने लादलेल्या श्रमावर आधारलेली होती. मुंबई सरकारने सफाई कामगारांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी १९४९ मध्ये नेमलेल्या बर्वे समितीचा अहवाल १९५२ मध्ये सादर झाला. केंद्र सरकारने नेमलेल्या मलकानी समितीने १९६० मध्ये आपला अहवाल दिला. तथापि संडासांची रचना बदलल्याखेरीज प्रथा बंद पडणे शक्य नव्हते.

माती व खत : इंग्लंडमधील धर्मोपदेशक हेन्री मूल यांनी १८६० मध्ये कोरड्या मातीच्या शौचकूपाचे एकस्व घेतले. मैल्यावर कोरडी माती टाकल्यास दुर्गंधी नाहीशी होते व कालांतराने त्याचे खत बनते, हे त्यामागील तत्त्व होते. भारतात गांधीजींच्या आश्रमांतून याच तत्त्वाला सामाजिक आशय प्राप्त झाला. कोकणातील सर्वोदयी कार्यकर्ते सी. पु. ऊर्फ अप्पासाहेब पटवर्धन (१८९४–१९७१) यांनी १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचे काम करू द्यावे म्हणून उपोषण केले. त्यांना पाठिंबा म्हणून येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनीही उपोषण आरंभिले होते. पुढे पटवर्धनांनी कणकवलीजवळ गोपुरी आश्रम स्थापून मैल्यापासून सोनखत करणाऱ्या संडासांचा प्रसार केला. संडास स्वच्छ करणे हे घरातील माणसाला करता येईल इतके सोपे व किळस न वाटणारे व्हावे, असा त्यांचा प्रयत्न होता.

खड्डा व जलबंध : अंकुशकृमींच्या निर्मूलनासाठी रॉकफेलर प्रतिष्ठानाने १९३० नंतरच्या दशकात भारतात छिद्रशौचकूप प्रचारात आणला. त्यात ३० ते ४० सेंमी. व्यासाचे सु. ६ मी. खोल छिद्र गिरमिटाने पाडीत. ते लवकर भरे व सैल जमिनीत ढासळे. म्हणून १९४९-५० मध्ये पश्चिम बंगालमधील सिंगूर येथे सु. ७५ सेंमी. व्यासाचा खोदखड्डा वापरण्यात आला. १९५० नंतरच्या दशकात सिंगूर, मद्रासजवळील पूनमल्ली व दिल्लीजवळील नजफगढ येथील प्रायोगिक प्रकल्पांतून, तसेच लखनौच्या नियोजन संशोधन व कृती संस्थेतून जलबंधाचे शौचकूप तयार झाले. वक्रनळीत साठणाऱ्या सु. २ सेंमी. उंचीच्या पाण्यामुळे दुर्गंधी व माश्या यांना अटकाव होतो आणि एक-दोन लिटर पाणी ओतले असता भांडे स्वच्छ होते. लहान घराला परवडेल असे यांत्रिक उत्तर त्यामुळे मिळाले. पण खड्डा एकच असल्यास तो भरल्यावर ताजा मैला उपसण्याचा प्रश्न कायम राही.

दोन खड्डे : या प्रश्नाचे उत्तर आलटून-पालटून वापरावयाच्या दोन खड्ड्यांत होते. एक खड्डा भरला की जोडकुंडीतून प्रवाह दुसऱ्याकडे वळवितात. बंद खड्ड्यातील पाणी व वायू विटांच्या जाळीदार बांधणीतून जमिनीत शोषले जातात आणि दीड-दोन वर्षांत मैल्याचे गंधहीन, कोरडे खत होते. ते घरमालकाला स्वतः फावड्याने काढता येते. बिंदेश्वर पाठक (१९४३–२०२३) यांनी १९७० मध्ये स्थापन केलेल्या ‘सुलभ’ संस्थेने १९७३ पासून बिहारमधील आरा येथून या पद्धतीचा मोठा प्रसार केला. पुणे जिल्ह्यातील देहू येथे डॉ. सु. वि. मापुसकर (मृ. २०१५) यांनी पटवर्धनांच्या प्रयोगांचा धागा पुढे नेऊन शौचकूपाला जोडलेले ‘मलप्रभा’ जैववायू संयंत्र विकसित केले.

निवडीची कसोटी : खड्डे विहिरीपासून सु. १५ मी. दूर असावेत, असा सर्वसाधारण संकेत आहे. भूजल वर असलेल्या किंवा पाणी न मुरणाऱ्या चिकण जमिनीत या पद्धतीला मर्यादा पडतात. अशा ठिकाणी खड्डा जमिनीच्या वर उचलावा लागतो किंवा पाणी न लागणारा खताचा संडास अधिक योग्य ठरतो. सेप्टिक टाकी मात्र बांधणीला महाग असून तिच्यातील गाळ ठराविक काळाने यंत्राने उपसावा लागतो.

कोरडे संडास बांधण्यास व मैला वाहण्यासाठी माणसे नेमण्यास १९९३ च्या अधिनियमाने बंदी घातली. २०१३ च्या अधिनियमाने गटारे व सेप्टिक टाक्या यांची धोकादायक सफाई माणसांकडून करविण्यावरही बंदी आणली. २०१४ मध्ये सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानात ग्रामीण कुटुंबाला शौचालयासाठी १२,००० रुपयांचे प्रोत्साहन अनुदान ठरविण्यात आले व दोन खड्ड्यांच्या पद्धतीचा पुरस्कार करण्यात आला. तरीही टाक्यांत उतरून गुदमरल्याने होणारे मृत्यू थांबले नाहीत. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारातील मृत्यूंसाठीच्या भरपाईची किमान रक्कम १० लाखांवरून ३० लाख रुपयांवर नेली. शौचकूप खरोखर स्वस्त आहे की नाही, हे केवळ बांधणीच्या खर्चावरून ठरत नाही. तो भरल्यावर कोणाच्या हातांनी व कोणत्या धोक्यात रिकामा होतो, हे त्याच्या किमतीत धरावेच लागते.