लोह, लोहित आणि अपस्मार

झटक्यांच्या आजाराला आपल्याकडे नावे पुष्कळ. फेफरे, मिरगी, आकडी आणि आता सर्रास ‘फिट’. ‘आकडी’त वेडेवाकडे झालेले अंग दिसते, आंबे उतरवायची आकडीही वाकडीच. वैद्यांचा ‘अपस्मार’ मात्र आत पाहतो : स्मृतीचा, भानाचा लोप. ग्रीक ‘एपिलेप्सिया’ ज्या क्रियापदापासून आला, त्याचा अर्थ धरणे, पकडणे. आपल्या ‘बालग्रहां’तला ग्रहही धरणाराच, आणि ‘त्याला धरलंय’ असे गावाकडे अजून म्हणतात.

ही सारी नावे झटका दिसल्यानंतरची. डोक्याला मार लागून मेंदूत रक्त साकळले, तर पहिला झटका कधी कधी काही महिन्यांनी, वर्षांनीही येतो. त्या मधल्या काळात काय चालते?

त्यासाठी ‘लोह’पाशी थांबायला हवे. संस्कृतात ‘लोहित’ म्हणजे तांबडे, आणि रक्तसुद्धा. ‘लोह’ त्याच कुळातला. आधी तांबूस धातू, बहुधा तांबेच, आणि मागाहून लोखंड. हे शब्द रंगाने जुळले, रक्तात लोह असते हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हते. पण रक्ताला लाली येते ती हिमोग्लोबिनमधल्या लोहयुक्त हीममुळेच! साकळलेल्या रक्तातून हे लोह सुटते आणि हायड्रोजन पेरॉक्साइडशी त्याची गाठ पडते. या जोडीची जबर ऑक्सिडीकारक ताकद हेन्री फेंटन यांनी १८९४ मध्ये दाखवली होती. तिच्यातून निघणारी हायड्रॉक्सिल मूलके मज्जापेशींच्या आवरणातला मेद नासवतात. १९७८ मध्ये विलमोर आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या मेंदूत लोहाचे क्षार टोचले, तेव्हा त्या उंदरांना वारंवार झटके येऊ लागले.

या रासायनिक बिघाडाला ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’ म्हणतात. हेल्मुट झीस यांनी १९८५ मध्ये ही संज्ञा मांडली. मराठीत तिचा ‘ऑक्सिडीकारक ताण’ झाला, आणि तो मला सलतो. ‘ताण’ ऐकला की घरचे लोक परीक्षा आठवतात, भांडणे आठवतात. आई स्वतःला दोष देते. मनावरच्या ताणाने झटका ओढवू शकतो, पण ती वेगळी गोष्ट. इथे बिघडतो तो पेशीतला तोल : मूलके फार, त्यांना आवरणारी द्रव्ये अपुरी. ‘ऑक्सिडीकरणाचा असमतोल’ लांबट खरा, पण तो कुणाला अपराधी ठरवत नाही.

‘प्राणवायू’ हे नावही अर्धेच सांगते. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा सुमारे २ टक्के, पण प्राणवायूचा जवळपास २० टक्के खप त्याचा. जगवणाऱ्या त्याच वायूतून ही मूलके निपजतात.

मधल्या काळाला पुस्तकी नाव ‘अपस्मारजनन’. मी ‘धुमसणे’ म्हणेन. त्यात धूर आहे, जाळ अजून नाही. आजची औषधे झटके आवरतात. मार लागल्यावर हे धुमसणेच थांबवील असे माणसांवर सिद्ध झालेले औषध अजून हाती नाही.