कानाचं हाड

पोटरीभर पाण्यात तुम्ही उभे आहात. काळ सुमारे 4 कोटी 80 लाख वर्षांपूर्वीचा. जागा आजच्या जम्मूतल्या राजौरी जिल्ह्यातली, कालाकोटजवळची. उत्तरेकडे मान वर करून हिमालय शोधू नका, तो अजून तसा उभा राहिलेला नाही. भारताचा भूखंड आशियाला नुकता भिडतोय आणि दोघांमधला टेथिस समुद्र आक्रसत चाललाय. हवा दमट आहे. हलू नका, काठावर कोणीतरी पाला खातंय.

मांजराएवढा जीव. काटकुळे पाय, बोटांना छोटे खूर, लांब शेपूट. हा इंडोहायस. झुडपात काहीतरी सळसळतं आणि क्षणात तो पाण्यात उडी घेतो. आता खाली वाकून बघा. त्याच्या पायांच्या हाडांची भिंत जाड आणि वजनदार आहे, त्यामुळे तो तरंगत नाही, तळावर पाय रोवून उभा राहतो. पाणघोड्याची हाडं अशीच असतात. आफ्रिकेतलं पाण्याकाठचं पिसोरी हरीण आजही घाबरलं की असंच पाण्यात दडी मारतं. इंडोहायसच्या दातांतल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरूनही तो बराच वेळ पाण्यात घालवत असे, असं दिसतं.

पाण्याशी ही सलगी पाहून याला देवमाशाचा पूर्वज म्हणायचा मोह होईल, तो आवरा. थोडं पश्चिमेला, आजच्या पाकिस्तानात गेलात तर लांडग्याएवढा पाकिसिटस हा आद्य देवमासा पाण्याच्या कडेनं फिरताना भेटेल. त्याचे अवशेष ज्या खडकांत सापडतात ते इंडोहायसच्या खडकांइतकेच जुने, किंबहुना थोडे अधिकच. म्हणजे इंडोहायस आजोबा नव्हे, आजोबांच्या चुलत घराण्यातला. पण असे चुलतच घराण्याची जुनी ठेवण जपून ठेवतात, म्हणून मला तो फार मोलाचा वाटतो.

आणखी काही दशलक्ष वर्षं ओलांडा आणि कच्छला या. इथं उथळ, उबदार समुद्र आहे. लांब निमुळत्या तोंडाचा, आखूड पायांचा, दणकट शेपटीचा कच्छीसिटस हाही प्राचीन देवमासा पाणी कापत जातोय. मग थेट इजिप्त, सुमारे 3 कोटी 70 लाख वर्षांपूर्वी. आज जिथं वादी अल-हितानचं वाळवंट आहे, तिथं तुमच्या शेजारून 15 मीटरहून लांब बॅसिलोसॉरस नावाचा देवमासा सरकतो. एवढ्या अजस्र देहाच्या मागच्या बाजूला दोन इवले पाय आहेत. गुडघा, घोटा, बोटं, सगळं जागच्या जागी. चालण्यासाठी त्यांचा काडीचा उपयोग नाही. उत्क्रांती नाकारणाऱ्यानं या पायांचं कारण सांगून दाखवावं.

आता लंडन, 1839. शरीररचनातज्ज्ञ रिचर्ड ओवेन यांच्या खांद्यावरून डोकवा. अमेरिकेतल्या रिचर्ड हार्लन यांनी 1834मध्ये याच बॅसिलोसॉरसला सरपटणारा प्राणी समजून नाव दिलं होतं. नावातला ‘सॉरस’ त्यातूनच आला. हार्लन स्वतः हाडं घेऊन आलेत. ओवेन दात हातात घेतात. दाढेला दोन मुळं आहेत. अशी दाढ सस्तन प्राण्याची. गैरसमज मिटतो, पण आधी दिलेलं नाव नियमानुसार कायम राहतं. देवमासे सस्तन आहेत हे कार्ल लिनियस यांनी 1758मध्येच मान्य केलं होतं. मात्र सस्तनांमधल्या कुठल्या घराण्यातले, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं.

ते उत्तर मिळायला विसावं शतक संपत आलं. रेणूंचा अभ्यास करणारे म्हणू लागले, देवमाशाचा जवळचा नातलग पाणघोडा. जीवाश्मांचे अभ्यासक मानेनात. त्यांच्या मते देवमासे मेसोनिकिड नावाच्या नामशेष मांसाहारी गटातून आले. दातांचं साम्य तसं सांगत होतं. निकाल लावला घोट्यानं. गाय, बकरी, हरीण, डुक्कर, उंट, पाणघोडा अशा समखुरी प्राण्यांच्या घोट्यात एक हाड असतं, त्याच्या दोन्ही टोकांना कप्पीसारखी खाच असते. इतर कुठल्याही प्राण्यात ती दोन्हीकडे नसते. 2001मध्ये पाकिस्तानातल्या प्राचीन देवमाशांचे घोटे दोन वेगवेगळ्या चमूंनी जगापुढे ठेवले. दोन्हीकडे खाच होती. इतकी वर्षं जपलेलं मत जीवाश्मवाल्यांना सोडावं लागलं आणि त्यांनी ते सोडलं. मला या विद्येचा सर्वांत मोठा मान इथं दिसतो.

आता शेवटचा मुक्काम, अमेरिकेतल्या ओहायोतली जीवाश्मशास्त्रज्ञ हान्स थेविसन यांची प्रयोगशाळा. टेबलावरचे खडक कालाकोटचे आहेत. इंडोहायसला 1971मध्ये नाव देणारे भारतीय भूशास्त्रज्ञ ए. रंगा राव यांनी ते जमवले होते. त्यांच्या मागे त्यांच्या पत्नीनं ते सांभाळले आणि मग थेविसन यांच्या हाती दिले. खडकातून इंडोहायसची कवटी मोकळी करताना कानाचं हाड तुटतं. तुटलेल्या कडेकडे नीट बघा. आतली भिंत जाड आहे, बाहेरची पातळ. कानाची ही घडण तोवर फक्त देवमाशांतच ठाऊक होती. देवमासा नसलेल्या समखुरी प्राण्यात ती पहिल्यांदाच दिसत होती. थेविसन, सुनील बाजपेयी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डिसेंबर 2007मध्ये ‘नेचर’मध्ये हे जाहीर केलं.

बाहेरून पाहून कोणी म्हणेल, देवमासा शार्कच्या जवळचा आणि पाणघोडा डुकराच्या. शरीराचा आकार पाणी घडवतं, चिखल घडवतो. नातं मात्र वंशातून येतं, म्हणून आजचं वर्गीकरण वंशावळीवर उभं आहे आणि देवमासे आता समखुरी प्राण्यांच्या घराण्यातच गणले जातात. त्या वंशावळीनुसार पाणघोडा डुकरापेक्षा देवमाशाचा जवळचा नातलग आहे.