मध्यम कृष्णविवरांचा शोध

मोठे तारे मरतांना मागें उरणारीं, सूर्याच्या कांहीं पट वस्तुमानाचीं कृष्णविवरें आतां ज्योतिर्विदांच्या परिचयाचीं झालीं आहेत. दीर्घिकांच्या मध्यभागीं सूर्याच्या लक्षावधि पट वस्तुमानाचीं कृष्णविवरें असतात, हेंहि आतां सर्वमान्य आहे. परंतु या दोहोंमधली, शंभरापासून एक लक्ष सूर्यांपर्यंतची, जागा जवळ जवळ रिकामी आहे. २०१९ सालीं गुरुत्वीय लहरींतून सुमारें १४० सूर्यांइतक्या एका कृष्णविवराचा जन्म कळून आला. पण ती त्या जिन्याची केवळ पहिली पायरी होय. थोर कृष्णविवरें लहानांपासूनच वाढलीं असतील, तर मधल्या अवस्थेचा एखादा साक्षी कोठें तरी उरावयास हवा. त्याच्या शोधार्थ गेलीं पन्नास वर्षें विद्वानांची दृष्टि गोलाकार तारकागुच्छांकडे लागलेली आहे.

या गुच्छांत लक्षावधि तारे दाटीवाटीनें असतात. जड तारे हलक्यांना आपली गति देत देत मध्याकडे उतरतात. या गतिरोधाचें गणित चंद्रशेखर यांनीं १९४३ सालीं मांडिलें. तेव्हां अशा गर्दींत तारे एकमेकांवर आदळून मध्यम कृष्णविवर बनावें, ही कल्पना असंभाव्य नव्हे. अडचण पुराव्याची आहे. कृष्णविवर स्वतः दिसत नाहीं. भोवतालच्या ताऱ्यांच्या वेगावरून त्याचें अनुमान करावें लागतें. परंतु मध्यभागीं जमलेले मृत ताऱ्यांचे असंख्य काळोखे अवशेषहि, दुरून पाहतां, तसाच परिणाम घडवितात. एक धनी कीं मोठा जमाव, हाच सर्व वादाचा गाभा होय.

महाश्व तारकासमूहांतील एम १५ या गुच्छाच्या कथेंत हें चांगलें दिसून येतें. १९७६ सालीं न्यूएल, डाकोस्टा व नॉरिस यांनीं तेथील मध्यवर्ती तेजावरून सुमारें ८०० सूर्यांचें कृष्णविवर अनुमानिलें. पुढच्याच वर्षीं इलिंगवर्थ व किंग यांनीं दाखविलें कीं, न्यूट्रॉन ताऱ्यांसारख्या अवशेषांचा समुदाय मानला तरी तें तेज उलगडतें. २००२ सालीं हबल दुर्बिणीच्या साह्यानें गेर्सेन प्रभृतींनीं सुमारें ४,००० सूर्यांचा आंकडा दिला. अवशेषांची गणितानें काढलेली वांटणी मोजलेल्या वेगांस पुरी पडत नाहीं, असा त्यांचा एक आधार होता. पण ज्या जुन्या लेखांतून ती वांटणी घेतली, त्यांतील आकृतींच्या अक्षावरील मापच चुकीचें निघालें! तें दुरुस्त होतांच कृष्णविवराची निकड ओसरली, आणि ही गोष्ट त्याच संशोधकांनीं पुरवणी लेख लिहून मान्य केली. या शास्त्राविषयीं आदर वाटावा तो अशा प्रसंगीं.

सध्यां हा वाद नरतुरंगांतील ओमेगा गुच्छापाशीं येऊन ठेपला आहे. वैशाखाच्या रात्रीं आपल्याकडेहि तो दक्षिणेस पुसट ठिपक्यासारखा दिसतो. बायर यानें १६०३ सालीं त्यास तारा समजून अक्षर दिलें. १६७७ सालीं सेंट हेलेना बेटावरून हॅले यानें त्याचें धुकट स्वरूप ओळखलें. तेथें सुमारें एक कोटि तारे आहेत. २००८ सालीं नोयोला प्रभृतींनीं त्याच्या मध्यभागीं ४०,००० सूर्यांचें कृष्णविवर सांगितलें. दोन वर्षांनीं अँडरसन व व्हॅन डर मारेल यांनीं गुच्छाचा मध्यबिंदूच निराळ्या ठिकाणीं दाखवून ती मर्यादा १२,००० वर आणली. जेथें केंद्राविषयींच एकमत नाहीं, तेथें केंद्रस्थ वस्तूविषयीं कसें असावें?

२०२४ सालीं मात्र पुरावा निराळ्या जातीचा आला. हबलच्या वीस वर्षांतील पांचशेंहून अधिक छायाचित्रांवरून सुमारें १४ लक्ष ताऱ्यांच्या गति मोजून हेबर्ले प्रभृतींना मध्याजवळ सात अतिवेगवान तारे आढळले. त्यांचा वेग इतका आहे कीं, दृश्य ताऱ्यांचें आकर्षण त्यांना धरून ठेवूं शकणार नाहीं. ते केव्हांच निघून जावयास हवे होते. ज्या अर्थीं ते तेथें आहेत, त्या अर्थीं निदान ८,२०० सूर्यांचें कांहीं तरी त्यांना आवरीत आहे. तथापि स्पंदक ताऱ्यांच्या ठोक्यांवरून गणित करणाऱ्या दुसऱ्या एका पक्षाचा कल अजून पसरलेल्या काळोख्या जमावाकडेच आहे.

निकाल लावण्याची घाई आपण करूं नये. सातांपैकीं एखाद्या ताऱ्याची वाट वळतांना मोजतां आली, तर त्या वळणाचें माप एकाचें आणि जमावाचें सारखें असणार नाहीं. पन्नास वर्षांच्या माघारींनीं एवढें तरी निश्चित शिकविलें आहे कीं, सरासरी वेगांवर उभारलेलें अनुमान दोहों पक्षांस वळवितां येतें. एकेका ताऱ्याची साक्ष तशी सहजासहजीं फिरत नाहीं.