'टॉक टू मी': पीटी ग्रीन यांची एक रात्र

४ एप्रिल १९६८. मेम्फिस येथे मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाल्याचे वृत्त वॉशिंग्टनला पोहोचले आणि शहर संतापाने पेटले. त्या रात्री 'डब्ल्यूओएल' नभोवाणी केंद्रावरून शांततेचे आवाहन करणारे पीटी ग्रीन हे सशस्त्र दरोड्याची शिक्षा भोगून आलेले, एरवी सत्ताधाऱ्यांची यथेच्छ रेवडी उडवणारे निवेदक होते. कृष्णवर्णीय श्रोत्यांचा विश्वास होता तो याच फटकळपणामुळे. कासी लेमन्स यांच्या 'टॉक टू मी' (२००७) या चरित्रपटातील हा सर्वांत प्रभावी प्रसंग. डॉन चीडल यांनी तो विलक्षण ताकदीने उभा केला आहे. इतिहास मात्र इतका आटोपशीर नाही. दुसऱ्याच दिवशी अध्यक्ष जॉन्सन यांना राजधानीत लष्कर उतरवावे लागले. तरीही १९८४मध्ये ग्रीन वारले, तेव्हा त्यांच्या अंत्यदर्शनासाठी हजारो वॉशिंग्टनकरांची रीघ लागली होती.